जर्मनीतली ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा: भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्यांनो, या चुका टाळा

शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर निकाल आला. चुकांचे गुण 10. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. दहापर्यंत चालतात, अकरा झाले की नापास, एवढं मला पाठ होतं. पण त्याच्या शेजारी 'निश्ट बेश्टांडन' लिहिलेलं होतं. म्हणजे नापास! टेबलामागच्या बाईंनी कागद हातात ठेवला आणि पेनाच्या टोकाने दोन ओळी दाखवल्या. दोनच प्रश्न चुकले होते, पण दोन्ही पाच-पाच गुणांचे.

लायसन्सच्या कार्यालयात कुणी समोर बसवून सांगत नाही तो नियम असा. कारच्या लायसन्ससाठी 30 प्रश्न येतात, 20 सर्वसाधारण आणि 10 कारसंबंधीचे. प्रत्येक प्रश्नाला 2 ते 5 गुण. चुकलेल्या प्रश्नांचे गुण जमा होत जातात आणि 10 पर्यंत माफी असते. मात्र पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले, तर बेरीज दहाच असली तरी नापास. हे पाच गुणांचे प्रश्न बहुतेक 'आधी कोण जाणार' याचे असतात. पुण्यात बारा वर्षं गाडी हाकलेल्या बाईला ते सोडवायला पुस्तक लागत नाही असं मला वाटलं होतं. चूक तिथेच झाली.

सहा महिने कधी सुरू होतात

आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून 6 महिने चालतं. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून नव्हे, आणि गाडी घेतली त्या दिवसापासून तर नव्हेच. त्यानंतर त्या लायसन्सवर स्टिअरिंगला हात लावलात तर ते विनापरवाना चालवणं धरतात, आणि तो दंडाच्या पावतीवर भागणारा प्रकार नाही, फौजदारी गुन्हा आहे. काही देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं, पण त्या यादीत भारत नाही. त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही द्याव्या लागतात. दिलासा एवढाच की आधीचं वैध लायसन्स असेल तर ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे वर्ग आणि तास माफ असतात.

बहुतेक जण आधी ॲप उतरवतात, महिनाभर प्रश्न घोकतात आणि मग अर्जाकडे वळतात. क्रम उलटा ठेवा. अर्जाला बायोमेट्रिक फोटो लागतो, डोळ्यांची तपासणी लागते (चष्म्याच्या दुकानात होते, 6.43 युरो), प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग लागतो आणि लायसन्सचं जर्मन भाषांतरही. एवढं झाल्यावर कार्यालय मंजुरी देतं, ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे ट्यूफ किंवा डेक्राकडे जाते आणि मगच तारीख मिळते. यात आठवडे जातात. मी घोकलेलं सगळं त्या आठवड्यांत विरून गेलं होतं आणि दुसऱ्यांदा घोकायला बसले तेव्हा कंटाळा आला होता.

'आपला रस्ता मोठा' हे डोक्यातून काढा

माझा पहिला चुकलेला प्रश्न. वस्तीतला रस्ता, मी सरळ जातेय. उजवीकडून एक बारकी गल्ली येऊन मिळते. गल्लीतून सायकलवाला येतोय. कुठेही पाटी नाही, सिग्नल नाही. आधी कोण? माझा रस्ता रुंद, मी कारमध्ये, सरळ जाणारी. मी बिनधास्त स्वतःला आधी पाठवलं.

उत्तर: सायकलवाला. पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, 'रेख्ट्स फोर लिंक्स'. रस्त्याची रुंदी मोजत नाहीत, गाडीचा आकार बघत नाहीत आणि कोण आधी पोचलं यालाही अर्थ नाही. गंमत म्हणजे आपल्याकडच्या नियमावलीतही पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असंच लिहिलंय. पण सिंहगड रोडला ते कुणी पाळताना पाहिलंय? आपण रस्त्यावर जे शिकलो ते निराळंच: नाक आधी घुसवेल त्याचा रस्ता.

बरं, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि उजवीकडून येणाऱ्या प्रत्येकाला वाट द्यायला लागतो. तेही चुकतं. कच्च्या शेतरस्त्यावरून येणारा, कुणाच्या आवारातून निघणारा, फुटपाथची कडा उतरती केलेली असते तिच्यावरून रस्त्यावर येणारा, खेळणाऱ्या मुलांची निळी पाटी असलेल्या गल्लीतून बाहेर पडणारा, या सगळ्यांनी थांबायचं असतं, उजवीकडून येत असले तरी. चित्रात ती कडा चार रेघांत दाखवलेली असते. मी सरावात तिच्यावरून तीनदा नजर फिरवून पुढे गेले होते.

दुसरा चुकलेला प्रश्न वळणाऱ्या मुख्य रस्त्याचा. आधी कोण हे सांगणाऱ्या पाटीखाली एक छोटी पांढरी पाटी असते, तिच्यावर जाड रेघ आणि बारीक रेघा. जाड रेघ हा मुख्य रस्ता आणि तो सरळ न जाता चौकातच वळतो. आपण बारीक रेघेवर असू, तर जाड रेघेच्या दोन्ही टोकांकडून येणाऱ्यांना आधी सोडायचं, आणि मग उरलेल्या बारीक रेघांमध्ये पुन्हा उजवीकडचा आधी. वर जाड रेघेबरोबर वळताना इंडिकेटर द्यायचाच, आपण 'त्याच रस्त्यावर' असलो तरी. हे प्रश्न डोळ्यांनी सोडवू नका. कागदावर चौक काढा, घरात असतील तर मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या ठेवा. मी दुसऱ्या वेळी आगपेट्या ठेवल्या होत्या.

सवयीने चुकतात असे आणखी दोन. पुण्या-मुंबईत लाल सिग्नलला डावीकडे वळायला मोकळीक असली की आपण थांबत नाही. इथे काही सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण असतो. लाल असताना उजवीकडे वळता येतं, पण रेघेवर पूर्ण थांबून मगच. आणि हॉर्न! 'आलो बरं का' म्हणून हॉर्न वाजवायची सोय नाही. धोका असेल तर, किंवा गावाबाहेर ओव्हरटेक करताना, एवढ्यापुरताच तो आहे.

टिक मारताना

बहुतेक प्रश्नांना तीन पर्याय असतात आणि त्यातले एक, दोन किंवा तिन्ही बरोबर असू शकतात. किती ते सांगत नाहीत. दोन बरोबर होते आणि तुम्ही एकच धरलात, तर अर्धे गुण मिळत नाहीत, पूर्ण प्रश्न जातो. शाळेपासून आपल्याला एकच पर्याय निवडायची सवय, त्यामुळे पहिला पटला की हात पुढे सरकतो. प्रत्येक पर्याय स्वतंत्र खरं-खोटं म्हणून वाचा.

प्रश्नसंच पाठ करणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. कारसाठीचे हजाराहून जास्त प्रश्न जाहीर आहेत, त्यामुळे पाठ करणं अशक्य नाही. पण पर्यायांचा क्रम बदलतो आणि 'पहिलं आणि तिसरं' असं लक्षात ठेवणारा गोत्यात येतो. शिवाय 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला संच बदलतो. परीक्षा त्या तारखांच्या पलीकडे असेल तर ॲप अद्ययावत करून घ्या. एका मैत्रिणीने तिच्या नवऱ्याचं दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक वापरलं होतं, तिचं काय झालं ते सांगत नाही.

व्हिडिओचे प्रश्नही असतात. व्हिडिओ पाच वेळा पाहता येतो, पण प्रश्न उघडल्यावर परत व्हिडिओकडे जाता येत नाही. म्हणून एकदा पाहून घाईने पुढे जाऊ नका. आरसे बघा, उभ्या गाड्यांच्या मधल्या फटी बघा, वेगाची पाटी बघा. प्रश्न नेमका काय विचारणार ते आधी कळत नाही.

इंग्रजीत देताय तरी

परीक्षा जर्मनशिवाय आणखी 12 भाषांत देता येते. त्यांत इंग्रजी आहे, हिंदी-मराठी नाही. इंग्रजी घेतलीत तरी चित्रांतल्या पाट्या जर्मनच राहतात. वेगमर्यादेखाली 'बाय नेसं' लिहिलं असेल तर ती मर्यादा रस्ता ओला असतानाच लागू. 'आनलीगर फ्राय' म्हणजे फक्त तिथे काम किंवा घर असणाऱ्यांना मोकळं, सगळ्यांना नव्हे. आणि 'वेर्कटाग्स' म्हणजे कामाचे दिवस, पण त्यात शनिवार धरतात. आपल्यातल्या आयटीवाल्यांना शनिवार सुट्टीचाच वाटतो आणि तो प्रश्न हमखास जातो.

आकडे थोडे आहेत, एका संध्याकाळी होतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी किती पुढे जाते? वेगाला 10 ने भागून 3 ने गुणा. ब्रेक लागल्यावर किती? वेगाला 10 ने भागून वर्ग करा. 50 च्या वेगाला 15 अधिक 25, म्हणजे 40 मीटर. 100 ला 30 अधिक 100, थेट 130. जोरात दाबलेल्या ब्रेकला दुसरा आकडा निम्मा. गोची अशी की प्रश्न कधी नुसतं ब्रेकचं अंतर विचारतो, कधी थांबेपर्यंतचं एकूण. दोन्हीची उत्तरं पर्यायांत ठेवलेली असतात.

धुक्यात 50 मीटरच दिसत असेल तर वेग 50 च्या वर नको. मागचा धुक्याचा दिवाही 50 मीटरच्या आत दृष्टी आल्यावरच लावायचा. रस्त्याकडेचे पांढरे खुंट साधारण 50 मीटरवर असतात, त्यावरून अंदाज येतो. सायकलवाल्याला ओलांडताना गावात दीड मीटर, बाहेर दोन मीटर.

नापास झालात तर

दोन आठवडे थांबा आणि पुन्हा फी भरा, साधारण 25 युरो. त्या दोन आठवड्यांत सगळा संच परत वाचत बसू नका. पाच गुणांचे प्रश्न वेगळे काढा आणि तेवढेच करा. मी तेच केलं आणि दुसऱ्या वेळी 3 गुण गेले. परीक्षेला जाताना पासपोर्ट घ्या. माझ्यापुढचा मुलगा मोबाईलमधला फोटो दाखवत होता, त्याला परत पाठवलं.

लेखी पास झाल्यावर 12 महिन्यांत प्रत्यक्ष परीक्षा व्हायला हवी, आणि ती जर्मनमध्येच असते. तास सक्तीचे नसले तरी घ्या, परीक्षेला गाडी आणि शिकवणारे सर लागतातच. पहिल्या तासाला मी सवयीने उजवीकडचं दार उघडून आत बसायला गेले, तर तिथे सर आधीच बसलेले होते.