काढणीआधी टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप तपासा

काढणी-मळणीच्या दिवसांत हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर तासन्‌तास पूर्ण लोडवर चालतात. तेव्हा टर्बोत (इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यात) शिरणारा धूर 500 ते 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. टर्बोला लागूनच त्यातले ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) आणणारा रिटर्न पाइप असतो, आणि आजूबाजूला वाळका भुसा साचत असतो. हा पाइप तडकला किंवा सांध्यातून पाझरू लागला, तर तापलेल्या लोखंडावर ऑइल पडून उभ्या पिकात मशीन पेटू शकते. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, हा पाइप नीट पाहून घ्या.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगला ऑइल पंपाच्या दाबाने मिळते, पण बेअरिंगमधून बाहेर पडताना तो दाब संपलेला असतो आणि ऑइलात हवा मिसळून फेस झालेला असतो. हे फेसाळ ऑइल केवळ उतारावर खाली जाते. आत येणारी नळी बारीक आणि परतीचा पाइप जाड, तो याचसाठी. बदलताना मूळ मापापेक्षा बारीक पाइप कधीही घेऊ नका.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते पाइपला वळसा दिल्याने. मॅनिफोल्डची (इंजिनातला तापलेला धूर टर्बोकडे नेणाऱ्या भागाची) धग लागू नये म्हणून पाइप बाजूने फिरवला जातो, मध्ये कुठेतरी झोळ पडतो आणि त्यात ऑइल तुंबते. तुंबलेले ऑइल शाफ्टच्या सीलमधून वाट काढते. सायलेन्सरमधून निळा धूर येतो, हवेच्या पाइपात ऑइल सापडते, दोष टर्बोवर जातो आणि नवा टर्बो बसवूनही तक्रार तशीच राहते. माझे ठाम मत आहे की आधी उतार पक्का करावा आणि मग त्याच वाटेवर धग अडवावी. पाइप उभ्या रेषेपासून 35 अंशांहून जास्त कलू देऊ नका. तो टर्बोपासून चेंबरपर्यंत सतत खाली उतरला पाहिजे आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. मशीन सपाट जागेवर उभे करूनच उतार पाहा. चढ-उताराच्या रानात काम असेल, तर मशीन कलल्यावरही उतार उरेल इतका तो ठेवा.

धग अडवायला पत्र्याचा आडोसा उत्तम. तो पाइपलाही टेकू नये आणि मॅनिफोल्डलाही. दोन्ही बाजूंनी हवा खेळली तरच त्याचा उपयोग. शिवाय पाइपावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. मात्र मॅनिफोल्डला गुंडाळलेल्या उष्णतारोधक पट्टीवर किंवा पाइपाच्या स्लीव्हवर ऑइल मुरलेले दिसले, तर ती पुसून परत वापरू नका. ऑइल शोषलेली पट्टी वातीसारखी पेटते. गळती बंद करा आणि पट्टी नवी घाला.

पाइप शक्यतो स्टीलचा असावा आणि कंपन सोसण्यासाठी मध्ये फक्त छोटा लवचीक तुकडा असावा, तोही धगीपासून सर्वांत लांबच्या टोकाला. या तुकड्यासाठी रेडिएटरचा किंवा डिझेलचा साधा रबरी होज चालत नाही. धगीने तो कडक होऊन तडकतो. साधा सिलिकॉन होज उष्णता सोसतो, पण ऑइलने फुगतो आणि पाझरतो. आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेला किंवा स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन होज घ्या. पाइप ब्रॅकेटने इंजिनलाच धरा, चासीला नको, कारण दोन्हींची हालचाल वेगवेगळी असते. फ्लँजला (पाइप बोल्टने जोडायच्या चपट्या तोंडाला) योग्य गॅस्केट वापरा. तिथे सीलंट फासल्यास जास्तीचे सीलंट आत ढकलले जाऊन तोंड अरुंद करते.

सगळे ठीक असूनही ऑइल उतरत नसेल, तर इंजिनचा ब्रीदर (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) पाहा. तो चोंदला की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल परत येऊ शकत नाही.

जोडणी झाल्यावर इंजिन आधी मंद चालवून सांधे पाहा. मग तासभर लोडवर चालवा, थंड होऊ द्या, क्लॅम्प पुन्हा आवळा आणि पाइपाखालची बाजू बॅटरीच्या उजेडात तपासा. कोरडे कापड फिरवले की बारीक पाझरही कळतो.

हंगामात टर्बोभोवतीचा भुसा रोज साफ करा. उन्हाचा जोर आणि धूळ जास्त असेल तर दिवसातून दोनदा. बंद करण्याआधी इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू द्या, म्हणजे टर्बोत अडकलेले ऑइल जळून कोळसा होणार नाही. जळक्या ऑइलचा वास आला, तर मशीन लगेच पिकातून बाहेर काढून थांबवा. ऑइलच्या आगीवर पाणी मारू नका. कोरड्या पावडरचा अग्निशामक जमिनीवरून हात पोहोचेल अशा जागी बसवा. फक्त केबिनमध्ये ठेवलेला अग्निशामक बाहेर उतरलेल्या माणसाच्या हाती वेळेवर लागत नाही.