सुपरकार काढायचीय? मग बॉडीचा आकार सगळ्यात शेवटी

आपल्या सोलापुरातली इंजिनिअरिंगची पोरं कॉन्सेप्ट सुपरकार काढायला बसली की आधी वरचा आकार काढतात, एकदम धारदार, आणि मग इंजिन बसवायला गेलं की जागाच शिल्लक नसते. म्हणून उलटं करा.

ड्रॉइंग शीटवर १:१० स्केलने साइड व्ह्यू घ्या, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २७०० मिमी धरला तर कागदावर २७ सेंमी. चाकं काढा, मग ड्रायव्हर बसवा, पाठ मागे कललेली, पाय लांब, डोक्यावर हेल्मेटपुरती जागा. त्याच्या मागे फायरवॉल (केबिन आणि इंजिनमधली आडभिंत), इंजिन, गिअरबॉक्स. १९९२ च्या मॅक्लारेन एफ-वन या सुपरकारमध्ये तिचे डिझायनर गॉर्डन मरेनी ड्रायव्हरला बरोबर मधोमध बसवलं, दोन पॅसेंजर बाजूला थोडे मागे, त्यामुळे चाकाच्या कमानीसाठी पेडल बाजूला सरकवावी लागली नाहीत. लई भारी विचार आहे हा, नीट बघा.

मग वजन. प्रत्येक पार्टचं वजन गुणिले पुढच्या अ‍ॅक्सलपासूनचं अंतर, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण वजन. उत्तर १५५० मिमी आलं तर त्याला व्हीलबेसने, म्हणजे २७०० ने भागा, साधारण ५७ टक्के वजन मागच्या चाकांवर, मिड-इंजिनला (ड्रायव्हरच्या मागे इंजिन असलेल्या गाडीला) ठीक.

हवेला ढकलायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. ड्रॅग कोइफिशंट (गाडीचा आकार हवेला किती अडतो त्याचा आकडा) ०.३५ आणि समोरचं क्षेत्रफळ १.९ चौ.मी. धरा, १०० च्या स्पीडला जेमतेम १२ एचपी लागतात आणि ३०० ला थेट ३१० च्या आसपास, नुसत्या हवेसाठी.

आता गरमी, इथंच बहुतेक डिझाईन फसतात. रेडिएटर चालतो पाणी आणि हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकावर. पाणी १०० डिग्री आणि बाहेर २० असेल तर फरक ८०, पण मे महिन्यात आपल्याकडं ४२ असतं, म्हणजे फरक ५८, तेवढ्याच रेडिएटरमधून पाव भागापेक्षा जास्त उष्णता कमी निघणार. बुगाटी व्हेरॉनला १० रेडिएटर आहेत ते उगाच नाहीत. आणि हवा आत घ्यायची भोकं सगळे काढतात, बाहेर जायचा रस्ता कुणी काढत नाही, तो आधी काढा.

चॅसिससाठी कार्बन फायबर म्हणत असाल तर घरातली चादर हातात घ्या. ताण्याच्या दिशेने ओढा, हलत नाही, बाण्याच्या दिशेनेही नाही, पण तिरकी कोपऱ्याला धरून ओढली की लगेच वाकडी होते. कार्बनचं कापडही असंच विणलेलं असतं, म्हणून एक थर सरळ, पुढचा ४५ डिग्रीत असे थर द्यायचे, नाहीतर वळणावर चॅसिस पिळलं जाईल.

एवढं पक्कं झालं की वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि आता बॉडी काढा, रेष हेल्मेटला किंवा रेडिएटरला घासायला लागली तर रेष सरकवा.