ऑपरेशननंतर कुत्र्याचे टाके चिघळले तर काय करायचं
टाक्यांपाशी पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, लाली असतेच, तिला घाबरू नका. पण सूज वाढायला लागली, पू किंवा वास यायला लागला, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, खाणं सोडलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि तिथे गेल्यावर एक गोष्ट नक्की मागा, कल्चर सेन्सिटिव्हिटी टेस्ट. जखमेतला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, लॅबला पाठवतात, रिपोर्टला साधारण दोन ते चार दिवस लागतात, त्यात कळतं कुठला जंतू आहे आणि कुठलं अँटिबायोटिक त्याच्यावर चालतं. कुत्र्यांच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस सूडइंटरमिडियस नावाचा जंतू असतोच, त्याचा मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा प्रकार झाला असेल तर सेफॅलेक्सिनसारख्या नेहमीच्या गोळ्या काहीच करत नाहीत, आपण नुसत्या बदलत बसतो आणि जखम तशीच. स्वॅब शक्यतो नवीन अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीच घ्यायचा. हाडात प्लेट बसवली असेल तर जंतू तिच्यावर थर करून बसतात, मग कधी कधी हाड जुळल्यावर प्लेट काढावीच लागते.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका प्लीज, आणि माणसांची दुखण्यावरची आयबुप्रोफेन तर अजिबात नको, कुत्र्यांना विषारी आहे. हळद-तेलही लावू नका. गळ्यात ती शंकूसारखी कॉलर ठेवा, चाटू देऊ नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात माशा फार, म्हणून आत फरशीवर, रोज धुतलेल्या चादरीवरच झोपवा, ड्रेसिंगनंतर हात साबणाने धुवा, घरात कुणाला उघडी जखम असेल तर त्यांना लांबच ठेवा.