सदाफुली : पावसाळी लागवडीत मर टाळण्यासाठी

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. वाळूमिश्रित, हलक्या जमिनीतही ती तग धरते. पाण्याचा ताण सोसते, साचलेले पाणी मात्र अजिबात सोसत नाही. म्हणून आधी निचरा बघा, खताचा विचार नंतर.

हेक्टरी साधारण 500 ग्रॅम बियाणे रोपवाटिकेत लागते. शेतात लावणी करण्याच्या दोन महिने आधी बी पेरावे. बी बारीक असते, म्हणून वाळूत मिसळून ओळीत पेरा आणि मातीच्या पातळ थराने पूर्ण झाका. उजेडात हे बी नीट उगवत नाही. उगवण विरळ होण्याचे हेच नेहमीचे कारण, बियाण्याला उगाच दोष दिला जातो. वाफ्यावर गवताचे आच्छादन घातले असेल तर कोंब वर आले की ते लगेच काढा, नाहीतर रोपे लांबट होऊन माना टाकतात.

15 ते 20 सें.मी. उंचीची रोपे गादीवाफ्यावर 45 × 30 सें.मी. अंतराने लावा. हेक्टरी सुमारे 74,000 रोपे बसतात. सलग पाऊस असताना लावणी नको, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली.

झडीच्या दिवसांत शेतात रोज फेरी हवी. शेंड्याजवळचे खोड पाणी लागल्यासारखे गडद होऊन काळपट पडले आणि फांदी तिथेच मोडून लोंबू लागली, तर तो फायटोफ्थोरा, म्हणजे मातीतला बुरशीसारखा रोगजंतू. पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीतून तो वर चढतो. अशी झाडे उपटून शेताबाहेर न्या, चर मोकळे करा, उघड्या मातीवर वाळलेल्या गवताचे आच्छादन घाला. पाला औषधासाठी द्यायचा असल्यास खरेदीदाराला विचारल्याशिवाय बुरशीनाशक फवारू नका.

कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या किंवा सतत ओल्या जमिनीत ती हमखास येते. युरिया टाकून ती जात नाही. पाने बारीक होऊन फुले हिरवी पडली तर तो फायटोप्लाझ्मा, म्हणजे तुडतुड्यांमार्फत (रस शोषणाऱ्या बारीक किडींमार्फत) पसरणारा सूक्ष्म जिवाणू. त्यावर इलाज नाही, झाड मुळासकट काढा.

पाल्याची तोडणी सहाव्या आणि नवव्या महिन्यात करून सावलीत वाळवा. मुळे वर्षभराने काढायची: खोड जमिनीपासून 7.5 सें.मी. ठेवून कापा, भरपूर पाणी द्या आणि वाफशावर नांगरून मुळे वेचा. सगळे झाड विषारी आहे, कापलेला पाला जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका.