टॉपर निवडताना मराठवाड्याचा उन्हाळा आधी लक्षात घ्या

गादी टोचू लागली की नवी घेण्याऐवजी तिच्यावर दोन-तीन इंचांचा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा पातळ मऊ थर, टाकावा, असा विचार अनेक घरांत होतो आणि बऱ्याचदा तो योग्यही असतो. मात्र टॉपर कडक गादी मऊ करतो. बसलेली गादी तो वर उचलून धरत नाही. म्हणून खरेदीआधी चादर काढून गादीवर एक सरळ काठी आडवी ठेवावी आणि काठीखालचा खोलगटपणा पट्टीने मोजावा. तो दीड इंचाहून अधिक भरला, तर टॉपरही काही दिवसांत त्याच खड्ड्याचा आकार घेईल आणि कंबर होती तिथेच राहील. अशा वेळी पैसे नव्या गादीसाठी राखून ठेवणे बरे. काथ्याची गादी सपाट असूनही टणक लागत असेल, तर तिच्यावर टॉपरचा उपयोग सर्वांत चांगला होतो.

यानंतरचा प्रश्न साहित्याचा आहे आणि आपल्याकडे त्याचे उत्तर मे महिन्याला विचारूनच द्यावे लागते. जाहिरातींत सर्वाधिक दिसणारा मेमरी फोम १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी विमानातील आसनांवर झालेल्या संशोधनातून आला. अंगाच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो, त्यामुळे खांदा व खुबा यांवरचा दाब कमी होतो. पण हाच गुण परभणी किंवा नांदेडच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात अडचणीचा ठरतो. खोलीच तापलेली असल्याने फोम आधीच सैल पडलेला असतो, शरीर त्यात अधिक रुतते आणि पाठीखालच्या उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. कूलरचा झोत वरच्या अंगाला गार करतो, फोमला टेकलेल्या पाठीला नाही. वातानुकूलित दुकानात पाच मिनिटे पडून पाहिलेला टॉपर घरी वेगळाच का वाटतो, याचे कारणही हेच. ज्या घरात रात्रभर एसी चालतो, तिथे मेमरी फोम निःशंक घ्यावा. इतरांनी, माझ्या मते, टाळावा. फोममध्ये मिसळलेल्या ‘कूलिंग जेल’चा गारवा पहिल्या काही मिनिटांपुरता जाणवतो, त्यासाठी जास्त किंमत मोजण्यात फारसा अर्थ नाही.

लॅटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून बनते. ते दाबले की लगेच वर येते, त्यातल्या आरपार छिद्रांमुळे हवा खेळती राहते आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याचा मऊपणा फारसा बदलत नाही. ते महाग आणि उचलायला जड असते, पण टिकते. काही टॉपरांत कृत्रिम लॅटेक्सची भेसळ असते, म्हणून नैसर्गिक भाग किती टक्के आहे, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

कापसाच्या भागात राहून कापसाची पातळ गादी विचारातच न घेणे मात्र चमत्कारिक वाटते. पिंजाऱ्याकडून दोन इंचांची गादी भरून घेतली, तर ती फोमपेक्षा हवेशीर असते, हव्या त्या मापाची होते आणि दबली की पुन्हा पिंजून भरता येते. गादीला आखूड धाग्याचा, जाडसर देशी कापूस चांगला. गिरणीतला टाकाऊ कापूस किंवा चिंध्यांचा भुगा मिसळला असेल, तर लवकरच गोळे होतात. म्हणून भरणी शक्यतो समोर उभे राहून करून घ्यावी आणि टाके जवळजवळ घालायला सांगावेत. फोमइतका दाब ती कमी करणार नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

जाडी झोपण्याच्या सवयीवरून ठरवावी. कुशीवर झोपणाऱ्याला तीन इंच मानवतात. उताणे झोपणाऱ्याला दोन इंच पुरतात. पालथे झोपणाऱ्याने पातळ आणि घट्टच घ्यावा, नाहीतर कंबर खाली झुकते. वजनदार व्यक्तीने अधिक घनतेचा टॉपर निवडावा. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांसाठी घेताना पलंगाची उंची वाढणार आहे आणि मऊ पृष्ठभागावरून उठणे कठीण जाते, हे ध्यानात ठेवावे. तान्ह्या बाळाला टॉपरवर झोपवू नये. त्याला सपाट व घट्ट अंथरूणच सुरक्षित असते. कंबरेतली कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असतील, तर खरेदीआधी डॉक्टरांना दाखवावे.

फोमची घनता सांगताना विक्रेता म्हणतो ती ‘पन्नास डेन्सिटी’ म्हणजे एका घनमीटरला ५० किलो. हा दावा वजनकाट्यावर पडताळता येतो: ७२ × ३६ × २ इंचांचा, ५० घनतेचा फोम कव्हर वगळून सुमारे सव्वाचार किलो भरायला हवा. तो तीन किलोच भरला, तर घनता पस्तिसाच्या आसपास आहे, असे समजावे.

आपल्याकडे अनेक पलंग सुताराने बनवलेले असतात, तेव्हा छापील मापांवर विसंबू नये. पलंगाची नव्हे, गादीची लांबी-रुंदी मोजावी. चारही कोपऱ्यांना इलॅस्टिकच्या पट्ट्या आणि चेन असलेले कव्हर हवेच, कारण टंचाईच्या दिवसांत धुवायचे ते फक्त कव्हर. गुंडाळून आलेला फोम दोन दिवस हवेशीर खोलीत पसरून ठेवावा, म्हणजे तो पूर्ण फुलतो आणि वासही जातो. कापसाच्या गादीला महिन्यातून एकदा कडक ऊन दाखवावे, विशेषतः कूलरची ओल लागत असेल तर; लॅटेक्स आणि फोम मात्र गच्चीवर टाकू नयेत, उन्हाने ते पिवळे पडून भुसभुशीत होतात, त्यांना सावलीतला वारा पुरतो.