खंडित यादृच्छिक चलाचे संभाव्यता वितरण : या चुका टाळा

संभाव्यता वितरणाच्या उदाहरणात उत्तर चुकले की पहिला संशय सूत्रावर जातो, आणि विद्यार्थी सूत्र पुन्हा पाठ करू लागतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मात्र वेगळेच दिसते. सूत्र बरोबर असते, आकडेमोडही बरोबर असते; बिघडलेला असतो तो सुरुवातीचा तक्ता, म्हणजे खंडित यादृच्छिक चल (प्रयोगाच्या निकालावर अवलंबून सुट्या सुट्या किमती घेणारी राशी) कोणकोणत्या किमती घेतो आणि प्रत्येक किमतीची संभाव्यता किती, ही मांडणी. दुर्दैवाने त्याच तक्त्यावर सर्वांत कमी वेळ दिला जातो.

किमती मोजल्या, निष्पत्ती मोजल्याच नाहीत

दोन नाणी फेकली आणि ‘क्ष’ म्हणजे मिळालेल्या छाप्यांची संख्या असे मानले, तर क्ष च्या किमती ०, १ आणि २ अशा तीन आहेत. तीन किमती आहेत म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/३, असे लिहिणारे बरेच असतात. समसंभाव्य असतात त्या मूळ निष्पत्ती, म्हणजे प्रयोगाचे शक्य निकाल; चलाच्या किमती नव्हेत. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा या चार निष्पत्तींपैकी दोन निष्पत्ती ‘१’ या एकाच किमतीकडे जातात, त्यामुळे संभाव्यता अनुक्रमे १/४, १/२ आणि १/४ येतात.

ही चूक करणाऱ्याने फार खजील होण्याचे कारण नाही. झाँ ल राँ दालांबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातील लेखात याच वळणाची चूक केली होती. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ धरली. पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक करावी लागत नाही, म्हणून ‘छापा’, ‘काटा-छापा’ आणि ‘काटा-काटा’ अशा तीनच शक्यता उरतात, असा त्याचा युक्तिवाद होता. शक्यता तीन आहेत हे खरे. पण पहिलीचे वजन १/२ आहे आणि उरलेल्या दोघींचे प्रत्येकी १/४, त्यामुळे योग्य उत्तर ३/४ आहे.

तीन फाशांच्या बेरजेत हा सापळा अधिक सूक्ष्म होतो. बेरीज ९ येण्याच्या अंकजुळण्या सहा आहेत आणि १० येण्याच्याही सहाच, तरीही १० अधिक वेळा का येतात, हा प्रश्न गॅलिलिओने सोडवला होता. ६-२-१ ही जुळणी सहा क्रमांनी येऊ शकते, ५-२-२ तीन क्रमांनी आणि ३-३-३ एकाच क्रमाने. असे सर्व क्रम मोजले की २१६ पैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ निष्पत्ती मिळतात.

बेरीज १ आली, तरी तपासणी संपत नाही

तक्त्यात अज्ञात ‘क’ असतो तेव्हा संभाव्यतांची बेरीज १ धरून तो काढतात. समजा ०, १, २, ३ या किमतींच्या संभाव्यता अनुक्रमे क, ४क, २क² आणि ४क² आहेत. समीकरण ६क² + ५क − १ = ० असे येते आणि त्याची मुळे १/६ व −१ ही आहेत. −१ घेतले तरी बेरीज १ च येते, परंतु पहिली संभाव्यता ऋण होते; म्हणून ते मूळ बाद. प्रत्येक संभाव्यता ० ते १ यांच्या दरम्यान आहे ना, ही अट स्वतंत्रपणे पाहावी लागते, कारण बेरजेची अट ते काम करत नाही.

‘किमान’, ‘जास्तीत जास्त’ आणि ‘पेक्षा कमी’

संतत चलाच्या, म्हणजे उंचीसारखी अखंड पट्ट्यातील कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या चलाच्या, बाबतीत ‘२ पेक्षा कमी’ आणि ‘२ किंवा त्याहून कमी’ यांत फरक पडत नाही, पण खंडित चलात पूर्ण एका किमतीचा फरक पडतो. तीन नाण्यांतील छाप्यांची संख्या घेतली तर ०, १, २, ३ यांच्या संभाव्यता १/८, ३/८, ३/८, १/८ आहेत. ‘किमान २ छापे’ काढताना १ मधून ‘जास्तीत जास्त २’ ची संभाव्यता वजा केली की १/८ हे चुकीचे उत्तर मिळते. वजा करायची आहे ती ‘जास्तीत जास्त १’ ची, आणि तेव्हा उत्तर १/२ येते. तसेच संचयी वितरण फलाची, म्हणजे दिलेल्या किमतीपर्यंतच्या सर्व संभाव्यतांच्या बेरजेची, किंमत २.५ ला विचारली तर शून्य लिहू नये. क्ष नेमका २.५ असण्याची संभाव्यता शून्य आहे, मात्र २.५ पर्यंतची साठलेली संभाव्यता ७/८ आहे.

सरासरी, प्रचरण आणि ‘दुप्पट’

फाशाचे अपेक्षित मूल्य ३.५ आहे. फाशावर ३.५ नसतो म्हणून काही जण ते ४ करून टाकतात, जे सर्वथा चूक आहे. अपेक्षित मूल्य हे दीर्घकालीन सरासरी सांगते. ते चलाची एखादी किंमत असलेच पाहिजे असे नाही, आणि सर्वाधिक संभाव्य किमतीशी त्याचा संबंध असेलच असेही नाही.

प्रचरण, म्हणजे किमती सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप (व्हेरियन्स), काढताना वर्गाची सरासरी आणि सरासरीचा वर्ग यांची गल्लत होते. फाशासाठी पहिली ९१/६ आहे, दुसरा ४९/४, आणि त्यांची वजाबाकी ३५/१२. प्रचरण ऋण आले तर पुढे एक ओळही न लिहिता मागे वळावे, कारण ते ऋण येऊच शकत नाही.

माझ्या मते या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला फरक म्हणजे एका फाशाच्या अंकाची दुप्पट आणि दोन फाशांची बेरीज यांतला. दोन्हींचे अपेक्षित मूल्य ७ आहे, त्यामुळे ती एकच गोष्ट वाटते. पण दुप्पट केलेला अंक २, ४, ६, ८, १०, १२ एवढ्याच किमती, प्रत्येकी १/६ संभाव्यतेने, घेतो; ७ तर त्यात येतच नाही. दोन फाशांच्या बेरजेत मात्र ७ हीच सर्वाधिक संभाव्य किंमत आहे. दुपटीचे प्रचरण चौपट, म्हणजे ३५/३ होते, तर परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या दोन फाशांची प्रचरणे नुसती मिळवायची असतात, म्हणून ते ३५/६ येते.

प्रसिद्ध वितरण लावण्याची घाई

‘यश’ आणि ‘अपयश’ दिसले की द्विपद वितरण (ठरावीक स्वतंत्र प्रयत्नांतील यशांच्या संख्येचे, दर वेळी यशाची संभाव्यता तीच धरणारे) लावून मोकळे होणे ही नेहमीची घाई आहे. १० चेंडूंपैकी ४ लाल असताना दोन चेंडू परत न ठेवता काढले, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता ४/१० × ३/९, म्हणजे सुमारे ०.१३३ आहे. द्विपद सूत्र ०.१६ देते, कारण ते दुसऱ्या खेपेलाही ४/१० च धरते. गंमत अशी की लाल चेंडूंचे अपेक्षित मूल्य दोन्हीकडे ०.८ च येते, त्यामुळे केवळ सरासरी तपासणाऱ्याला चूक सापडत नाही.

प्वासाँ वितरणात, म्हणजे ठरावीक काळात एखादी घटना किती वेळा घडते याच्या वितरणात, घोळ होतो तो कालावधीचा. तासाला सरासरी ६ फोन येत असतील तर अर्ध्या तासासाठी सरासरी ३ घ्यावी लागते. अर्ध्या तासात एकही फोन न येण्याची संभाव्यता सुमारे ०.०५ असते, तर ६ घेतल्यास ती सुमारे ०.००२५ दिसते. हे वितरण एखाद्या माहितीला लागू पडते का, हे पाहण्यासाठी सरासरी आणि प्रचरण जवळजवळ समान आहेत का, ते आधी बघावे. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी १८९८ साली प्रशियन सैन्यात घोड्यांच्या लाथांनी झालेल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील १० कोअरच्या (सैन्याच्या मोठ्या तुकड्यांच्या) २० वर्षांच्या २०० नोंदींत १२२ मृत्यू आहेत, आणि सरासरी व प्रचरण दोन्ही ०.६१ च्या आसपास येतात.

संगणकावर उत्तर जुळत नसेल तर आधी व्याख्या पाहावी. भूमितीय वितरणात काही ठिकाणी पहिल्या यशापर्यंतचे एकूण प्रयत्न मोजतात, तर काही ठिकाणी त्याआधीची अपयशे. फाशावर पहिला ६ नेमका तिसऱ्या फेकीत येण्याची संभाव्यता २५/२१६, म्हणजे सुमारे ०.११६ आहे. पायथॉन या संगणकभाषेच्या सायपाय या गणिती संग्रहात त्यासाठी ३ द्यावे लागतात, तर ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणकभाषेत २. आणि ‘आर’ ला ३ दिले तर कोणतीही तक्रार न करता ते चौथ्या फेकीची संभाव्यता, सुमारे ०.०९६, दाखवते.