बाळाच्या टाचेतून साखर तपासताना

प्रत्येक बाळाची साखर तपासायची नसते. पूर्ण दिवसांच्या, नीट दूध ओढणाऱ्या बाळाची साखर पहिल्या एक-दोन तासांत थोडी उतरते आणि आपोआप सावरते. तपासायची ती ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या, वजनाने फार कमी किंवा फार जास्त असलेल्या आणि आईला मधुमेह असलेल्या बाळांची.

जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजा. पहिली तपासणी साधारण दोन तासांनी, पुढच्या दर वेळी पाजण्याआधी. लहान किंवा कमी दिवसांच्या बाळात ७२ तासांपर्यंत.

टाच कोमट कापडाने शेकली की रक्त सहज येतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, नाहीतर आकडा चुकतो. टोचायचं टाचेच्या कडेला. मधोमध किंवा मागच्या टोकाला नाही, तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. टाच पिळू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि ग्लुकोमीटरच्या (साखर मोजायच्या यंत्राच्या) बहुतेक पट्ट्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. खिडकीत ठेवलेल्या डबीवर भरवसा ठेवू नये.

दर १०० मिलीला ४५ मिलिग्रॅमखाली आकडा आला तर डॉक्टरांना लगेच कळवा. ग्लुकोमीटर कमी आकड्यांतच जास्त चुकतो, म्हणून नमुना लॅबला जातो. तो पडून राहिला तर पेशीच साखर खातात. मात्र रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत. बाळ थरथरत, मलूल किंवा झटके देत असेल तर शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण), वजनाच्या किलोमागे २ मिली, आणि पुढे डेक्स्ट्रोजचंच सलाईन चालू.

मध-घुटी चाटवणं हा उपाय नव्हे, आजींनी कितीही आग्रह केला तरी.